हात वर कोणी नेला

खोटं तुम्ही बोललात, साहेब. मन्नूबिया नाही.

तिचा हात वर गेला एवढं तुम्ही पाहिलंत. तो कोणी नेला, ते पाहिलं नाहीत. राजधानीतल्या त्या उंच खिडक्यांच्या दालनात बसून तुम्ही लोकांचे खांदे, गुडघे, कंबरा निकालात काढता. कुणाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर घ्यायचं आणि कुणाला घरी धाडायचं, हे तुमच्या मान हलवण्यावर ठरतं. तीच मान जरा उचलून, खुर्ची मागे सारून, तुम्ही त्या बाईच्या पाठीमागे येऊन उभे राहिला असतात तर पुढचं काही घडलं नसतं. तुम्ही उठला नाहीत. म्हणून आता बसल्या जागी ऐका, तिच्या गावच्या माणसाकडून.

मन्नूबिया केफची. आमच्या डोंगराळ गावात थंडी हाडात शिरून बसते आणि तिला बाहेर काढायला वाफेचा हमामच लागतो. किल्ल्याखालच्या उतारावर लल्ला दूजाचा हमाम आहे. सकाळी पुरुष, दुपारनंतर बायका. या बायकांना गरम फरशीवर पालथं झोपवून, हातात खरखरीत पिशवी चढवून, मानेपासून टाचेपर्यंत घासून काढणारी बाई म्हणजे हारझा. मन्नूबिया लग्न होऊन आली आणि हारझा झाली. आता मेंदी लावूनही केस लपत नाहीत एवढे पिकले, तरी गावातल्या बायका पाठ द्यायच्या त्या तिच्याच हाताखाली. ‘मन्नूबियानं घासलं की घरी नवरा दारातच विचारतो, कोण पाहिजे आपल्याला?’ असं बायका म्हणायच्या आणि वाफेत हसता हसता खोकायच्या.

गेल्या वसंतात एका नवरीची आंघोळ होती. मेणबत्त्या, डफ, अत्तर, किंकाळ्या, सगळा गोंधळ. नवरीची होणारी सासू चांगली भरलेली बाई. लाकडी खडावा घालून ओल्या फरशीवर नाचायची हौस आली तिला. पाय साबणावर पडला आणि ती मागच्या मागे निघाली. मागे दगडी पायरी. मन्नूबियानं पुढे झेप घेऊन एका हातानं तिला काखेत धरलं. सासू वाचली. मन्नूबियाच्या उजव्या खांद्यात मात्र काहीतरी चर्रकन गेलं, जुन्या चादरीचा काठ फाटावा तसं.

सासूबाई सावरून उभ्या राहिल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, “माझी एक खडाव कुठं गेली?”

मन्नूबियाचा हात त्या दिवशी ओल्या पंच्यासारखा लोंबत राहिला.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. पडलं, फाटलं, दुखलं. यात न समजण्यासारखं काही नव्हतं. घोळ झाला तो नंतर, हात बरा व्हायला लागला तेव्हा.

गावच्या दवाखान्यात हाडांचा तरुण डॉक्टर होता, गाझी नावाचा. त्यानं तिला मोठ्या मशीनमधून काढून फोटो घेतला आणि टेबलावरची बशी ओढून तिच्यात लिंबू ठेवलं.

“खांदा असा असतो, मावशी. बशी उथळ, लिंबू मोठं. ते घसरू नये म्हणून चार लहान पट्टे त्याला चहूकडून धरून असतात. तुमचा वरचा पट्टा तुटलाय.”

“शिवता येतो?”

“येतो. पण इथं नाही, राजधानीत. आणि लवकर. तुटलेलं टोक दिवसेंदिवस आत सरकतं. मागचं मांस वाळतं, त्याची चरबी होते. मग कितीही ओढलं तरी ते जागेवर येत नाही. ऑलिव्ह झाडावरून उतरायच्या आत शिवलं पाहिजे. नंतर हा हात कायमचा गेला समजा.”

राजधानीतली शस्त्रक्रिया म्हणजे तुमची मंजुरी. तुमच्याकडची तारीख मिळेपर्यंत उन्हाळा गेला. आणि त्या उन्हाळ्यात मन्नूबियाचा हात उठायला लागला.

आधी कमरेपर्यंत. मग छातीपर्यंत. मग एके दिवशी तिनं दोरीवर पंचे वाळत घातले आणि तिच्या लक्षात आलं, आपण उजव्या हातानं दोरी गाठली! तिनं तिथंच डोळे मिटून आभार मानले. तिचा नवरा मोंजी बाजारात लोणच्याची गाडी लावतो. त्यानं संध्याकाळी शेजाऱ्यांना मिठाई वाटली. “मशीनला काय कळतं? आमच्या घरच्या मशीनला गंज चढत नाही!” असं म्हणून तो बायकोकडे बघून मिशीत हसला.

पण त्या हाताला काय झालंय ते मन्नूबियाला उमगेना. हात वर जायचा, तिथं टिकायचा नाही. दोरी गाठायचा, पण केसांतून फणी फिरवायला डोक्यामागे जायचा नाही. भट्टीच्या आतल्या भिंतीला भाकरी थापायला वाकली की हात मध्येच आपला राहायचा नाही. वर न्यायला त्रास कमी, खाली आणायला जास्त. हे कुठलं दुखणं? पायऱ्या चढताना दम लागतो हे तिला ठाऊक होतं. उतरताना दम लागणारं माणूस तिनं बघितलं नव्हतं. शिवाय मान धरलेली असायची, उजव्या कानाच्या मागून डोकं ठणकायचं, आणि डावी कंबर दुखायची. फाटला उजवा खांदा, दुखते डावी कंबर! तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, नजर लागली. तिलाही मनातून तसंच वाटत होतं.

मग तुमची तारीख आली.

पहाटेच्या लुआज गाडीत अनोळखी लोकांच्या मांड्यांना मांडी लावून ती आणि मोंजी राजधानीत आले. तिनं सणाचा झगा घातला होता, डोक्याला रुमाल, वरून अंगभर पांढरी सफसारी. सफसारीचं टोक दातात धरून ती तुमच्यासमोर उभी राहिली. मोंजी दाराशी.

तुम्ही वाईट बोलला नाहीत. तेही सांगायला पाहिजे. तुम्ही हसून म्हणालात, “लाबास ना, मावशी?”

आणि ती म्हणाली, “लाबास, हमदुल्ला.”

आता माझं रक्त उकळतं ते इथं. लाबास म्हणजे काही त्रास नाही, सगळं ठीक, आणि हमदुल्ला म्हणजे देवाची कृपा. आमच्याकडे ‘लाबास?’ विचारल्यावर दुसरं उत्तर नाही. पाय कापलेला माणूस हेच म्हणतो, मुलगा समुद्रात गेलेली आई हेच म्हणते, उद्या कबरीवर टकटक करून विचारलंत तर आतूनही हेच ऐकू येईल. परक्यासमोर दुखणं बोलून दाखवायचं नाही, बोललं की ते घर करतं, असं आम्हाला दुधाबरोबर पाजलंय. तुम्ही परदेशातून आला नव्हतात, साहेब. तुम्ही याच मातीतले. तुमची आईसुद्धा शेवटच्या आजारात तुम्हाला लाबासच म्हणाली असेल. तेव्हा तुम्ही तिच्या तोंडाकडे बघून राहिला असाल ना? की तिथंही मान डोलावून पुढच्या खोलीत गेलात?

“हात वर करा,” तुम्ही म्हणालात.

तिनं केला. थेट कानाच्या वर, छताकडे. सफसारी खांद्यावरून घरंगळली नाही, कारण तिनं ती दातात घट्ट धरली होती. त्या पांढऱ्या कापडाच्या आत तिची पाठ काय करत होती, ते त्या कापडालाच ठाऊक.

“वा, शाबास!” तुम्ही म्हणालात. “एवढा हात तर माझाही जात नाही. शस्त्रक्रिया कशाला, मावशी? घरी जा, हलकी कामं करा, वर्षानं दाखवा.”

तिला वाटलं बोलावं. काय बोलावं ते सुचेना. हात वर तर गेला होता! तिनंही बघितला होता. हाताला खोटं कसं म्हणणार? ती ‘देव भलं करो’ म्हणून बाहेर आली. हात खाली येताना मध्येच धप्पकन पडला, तेव्हा तुम्ही पुढच्या बाईला ‘लाबास ना?’ विचारत होतात.

परतीच्या गाडीत केफचा चढ लागला तेव्हा मोंजी म्हणाला, “म्हणजे बराय तर.”

“म्हणतात तसं.”

“म्हणतात म्हणजे? एवढा मोठा डॉक्टर म्हणतो.”

“हो.”

“मग तोंड का असं? लोक रडत येतात तिथून. तू हसत यायला पाहिजेस.”

ती हसली. तिला खरंच कळत नव्हतं की आपण का हसू नये.

घोळ आता घरात शिरला. हात बरा आहे म्हटल्यावर बऱ्या हाताची कामं आली. मोंजीनं वरच्या फळीवरचा तेलाचा डबा मागितला. गेल्या साली स्वतःच्या झाडांचं काढून आणलेलं तेल. मन्नूबियानं हात वर नेला, डबा धरला, उचलला. इथवर सगळं ठीक. खाली आणताना छातीच्या उंचीवर हात सुटला, कुणी मागून दोरी कापावी तसा. डबा फरशीवर. तेल चुलीपासून उंबऱ्यापर्यंत.

मोंजी दारात उभा राहून बघत राहिला.

“तू टाकलास,” तो म्हणाला.

“पडला.”

“वर नेलास, धरलास, उचललास आणि मग पडला? बरा हात असा पडतो?”

“मला नाही माहीत, मोंजी.”

“मग कुणाला माहीत? शेजारणीला? डॉक्टर म्हणतो बरा. मशीन म्हणतं फाटला. तू विचारलं की लाबास म्हणतेस आणि डबे पाडतेस. मी बापडा कुणाचं ऐकू?”

ती तेलावर राख टाकत बसली. डाव्या हातानं. तिला मोंजीचा राग आला नाही. तिच्या मनात जे चाललं होतं तेच तो मोठ्यानं बोलला होता. कदाचित आपणच सोंग करतोय. म्हातारपणी बाईला आराम हवा असतो, तो मागता येत नाही, मग हात पडतो. असं असेल का? स्वतःच्या नकळत कुणी सोंग करतं का? तिनं उजव्या खांद्यावर डावा हात ठेवला आणि पोराला विचारावं तसं विचारलं, “खरं सांग, तुला काय झालंय?” खांदा गरम होता. बोलला काहीच नाही.

हमामात वेगळंच चाललं होतं. तिथं तिच्या जोडीला वसीला होती, चाळिशीतली, तोंडानं फटकळ. हात फाटल्यापासून मन्नूबियाची निम्मी गिऱ्हाइकं वसीलाच उरकायची. पाय मन्नूबियानं घासायचे, पाठ वसीलानं. मन्नूबिया बादली सरकवायची, वसीला उचलायची. कुणी कुणाला बोललं नव्हतं. आपसूक बसून गेलं होतं. बाहेरच्या खोलीत गादीवर बसलेल्या लल्ला दूजाला फक्त स्वच्छ होऊन बाहेर पडणाऱ्या बायका दिसायच्या. ती म्हणायची, “बघा, आमची मन्नूबिया अजून कशी पोलादी आहे!” आणि वसीला आत आपली पाठ दाबत बसलेली असायची.

शरद आला. आणखी एका नवरीची आंघोळ ठरली. लल्ला दूजानं आत डोकं घालून फर्मान सोडलं, “नवरीला मन्नूबियाच घासेल. नवरीकडच्यांनी मुद्दाम सांगितलंय. वसीला, तू मध्ये मध्ये करू नकोस. राजधानीच्या डॉक्टरानं तिला शाबास म्हटलंय.”

“शाबास म्हटलंय तर त्यालाच बोलवा घासायला,” वसीला पुटपुटली.

गरम खोलीत वाफ दाट होती. नवरी फरशीवर पालथी. भोवती तिच्या मावश्या, चुलत्या, मैत्रिणी, सगळ्या कमरेला पंचा गुंडाळून, उघड्या पाठींनी. मन्नूबियाही तशीच. इथं कुणी कुणापासून पाठ लपवत नाही. तिनं पिशवी हातात चढवली आणि नवरीच्या कमरेपासून मानेकडे लांब हात घ्यायला सुरुवात केली.

वसीला मागच्या हौदापाशी बसली होती. ती बघत होती. आधी तिनं कपाळाला आठ्या घातल्या. मग पाणी ओतायचं विसरली.

“मावशी, थांब जरा.”

“काय झालं?”

“उभी राहा. हात वर कर.”

“अगं, नवरी गार पडेल!”

“नवरी आज रात्री गार पडणार नाही. तू हात वर कर.”

बायका खिदळल्या. मन्नूबिया उभी राहिली आणि तिनं हात वर केला.

“बघा गं,” वसीला म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “बघा सगळ्या. हात उठायच्या आधी खांदा उठतो. अख्खा खांदा कानाला जाऊन चिकटतो. फऱ्याचं हाड बघा कसं बाहेर फिरलं. आणि ही डावीकडे कलते, बाजूची कंबर मोडून. हात नाही वर जात हिचा. ही स्वतःच अख्खी वर जाते आणि हाताला बरोबर नेते.”

“काय बोलतेस?” मन्नूबिया मान वळवून स्वतःची पाठ बघायचा प्रयत्न करू लागली, जशी काही ती दिसणार होती. “मी सरळ उभी आहे.”

“तू वाकडी उभी आहेस.”

“मी सरळ उभी आहे, वसीला! मला कळत नाही का?”

“नाही कळत. खाली घे हात.”

वसीलानं मागून येऊन आपला जाड तळवा तिच्या उजव्या खांद्यावर ठेवला आणि खाली दाबला. दुसऱ्या हातानं डावी बरगडी धरून तिला सरळ केलं. “आता कर वर.”

मन्नूबियानं हात वर करायचं मनात आणलं. हात जागचा थरथरला. बेंबीच्या वर आला, स्तनापाशी पोचला नाही, आणि थांबला. तिनं दात खाल्ले. पुढे जाईना. दुखतही नव्हतं फारसं. नुसता जात नव्हता, जसा तो हात तिचा नव्हताच.

नवरी कोपरावर उठून बघत होती.

“सोड,” मन्नूबिया म्हणाली.

वसीलानं तळवा काढला. हात सरसर वर गेला, थेट छताकडे.

एका मावशीनं तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतलं. मन्नूबिया वर गेलेल्या आपल्या हाताकडे बघत राहिली. इतके दिवस ती ज्या हातासाठी आभार मानत होती, तो हा नव्हता. मग कोण होतं? कोण नेत होतं हा हात वर, तिला न विचारता?

दुसऱ्या दिवशी ती गाझी डॉक्टरकडे गेली. त्यानं तेच केलं जे वसीलानं केलं होतं, आणि मग खुर्चीत बसून कपाळ चोळलं.

“मावशी, चूक माझी. मी तुम्हाला हे आधी सांगायला पाहिजे होतं. लहान पट्टा तुटला की मोठे स्नायू गप्प बसत नाहीत. हा खांद्यावरचा गोल, हा मानेपासून उतरणारा, हे फऱ्याभोवतीचे. ते म्हणतात, हात तर वर गेला पाहिजे. मग मानेचा स्नायू अख्खा खांदा उचलतो, पाठ कलते, कंबर वाकते. सगळे मिळून ढकलतात. वर ढकलता येतं त्यांना. पण लिंबू बशीत धरून ठेवणं त्यांचं काम नाही. म्हणून हात टिकत नाही, उतरताना पडतो. तुमची मान, ते डोकं, ती कंबर, हे त्यांचंच दमणं आहे.”

“म्हणजे ते माझं भलं करतायत?”

“भलंच.”

“मग शस्त्रक्रिया त्यांच्यामुळंच अडली.”



मन्नूबिया घरी येताना उतारावर थांबली. शिव्या कुणाला द्यायच्या ते तिला कळेना. हे मानेचे, पाठीचे, कंबरेचे बिचारे दिवसरात्र राबले. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. आणि तुटलेला तो पट्टा त्यांच्या आडोशाला आत आत सरकत राहिला, वाळत राहिला, कुणाच्या नजरेस न पडता. ते कमी राबले असते तर तुमच्यासमोर हात लोंबत राहिला असता आणि तुम्ही मंजुरी दिली असती. आपल्याच माणसांनी दारात उभं राहून ‘घरात सगळं ठीक आहे’ म्हणावं आणि आत माणूस मरत असावा, तसं झालं होतं.

तिनं ठरवलं, पुन्हा तुमच्याकडे जायचं. आणि या वेळी पाठ दाखवायची.

साहेब, हे ठरवायला त्या बाईला काय लागलं ते तुम्हाला कळणार नाही. हमामात उघडी फिरणारी बाई परक्या पुरुषासमोर मनगटही झाकते. मोंजीला तिनं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ लोणच्याची बरणी पुसत राहिला. मग म्हणाला, “दाखव. पण वसीलाला बरोबर ने. मी नाही बघू शकणार.”

वाटेत लुआजच्या खिडकीतून झाडांखाली चादरी पसरलेल्या दिसत होत्या. ऑलिव्ह उतरायला लागले होते.

दाराशी तुमच्या माणसानं वसीलाला अडवलं. एका वेळी एकच.

“अरे बाबा, दाबायला मी पाहिजे!” वसीला ओरडली.

“काय दाबायला?”

“तुझा गळा! सोड आत!”

सोडलं नाही. मन्नूबिया एकटीच आत आली.

“मावशी, परत? लाबास ना?”

तिच्या ओठावर ते आलं होतं. जिभेला सवयच ती. तिनं ते गिळलं. दगड गिळावा तसं गिळलं.

“नाही,” ती म्हणाली. “लाबास नाही.”

तुम्ही पेन खाली ठेवलंत. एवढं मात्र मान्य, तुम्ही पेन खाली ठेवलंत. जन्मात पहिल्यांदा कुणी तुम्हाला हे उत्तर दिलं असेल.

“माझी पाठ बघा,” ती म्हणाली. तुमच्याकडे पाठ फिरवून तिनं सफसारी सोडली, आणि डाव्या हातानं झग्याचा गळा उजव्या खांद्यावरून खाली ओढला.

“अहो मावशी! झाकून घ्या, झाकून घ्या!” तुम्ही अर्धवट उठलात आणि तोंड खिडकीकडे फिरवलंत. खिडकीकडे, साहेब! रोज माणसं फाडून आतलं बघणारे तुम्ही, एका म्हातारीच्या फऱ्याच्या हाडाला लाजलात. की लाजेचं नाव पुढे केलंत?

“बघा,” ती भिंतीला म्हणाली. “खांदा दाबून धरा आणि मग सांगा हात वर करायला.”

“फोटो बघितलाय मी. फोटो एक गोष्ट सांगतो, हात दुसरी सांगतो. आम्हाला हाताचं ऐकावं लागतं. बरं, असं करा. हात वर करा.”

तिनं मनातल्या मनात त्यांना बजावलं, मानेला, पाठीला, कंबरेला. आज नको. आज गप्प बसा. मेहेरबानी करा, आज मला उघडं पडू द्या. तिनं दात आवळले, पाय रोवले, सरळ उभं राहायचं ठरवलं.

आणि हात वर गेला.

ती कलली की नाही, ते तिला कळलंच नाही. तिला वाटलं ती सरळच आहे. फक्त हात सरसर वर गेला, छताकडे, आज्ञाधारक पोरासारखा. तुम्ही खिडकीकडून मान वळवलीत तेव्हा तुम्हाला तो दिसला. तिच्या डोक्याच्या वर गेलेला तेवढाच. खालची पाठ तुम्ही टाळलीत.

“बघा,” तुम्ही समजुतीनं म्हणालात, “जातोय की.”

ती तशीच उभी राहिली. मग तिनं झगा वर ओढला, सफसारी उचलली. हात मध्येच पडला, कापडासकट. बाहेर वसीलानं विचारलं, “दाबलं त्यांनी?” तिनं नाही म्हणून मान हलवली. “मग काय केलं?” मन्नूबिया म्हणाली, “मी वर केला गं. मला करायचा नव्हता. मी का केला?”



आता ऑलिव्ह उतरून घाण्यावर गेलेत. गाझी म्हणतो, टोक फार आत सरकलं, आता शिवायला कुणी हात घालणार नाही. मन्नूबिया हमामाच्या बाहेरच्या खोलीत बायकांच्या कपड्यांची गाठोडी राखत बसते. कुणी विचारलं, “लाबास, मन्नूबिया?” तर गप्प राहते. लोक म्हणतात, बाई बिघडली.

म्हणून विचारतो, साहेब, आणि या वेळी खिडकीकडे बघू नका. तिला ‘वर कर’ म्हणालात तेव्हा तुम्ही दोन्ही वेळा नेमकं काय बघितलंत? तुमच्याच आईबहिणींसारखी ‘लाबास’ म्हणणारी बाई समोर आली, तेव्हा टेबलाला वळसा घालायला तुम्हाला कुणी अडवलं होतं? आणि त्या दालनात आज, या घटकेला, तुमच्यासमोर कुणाचा हात वर जातोय आणि त्याच्या पाठीमागे कोण उभं आहे?

उत्तर द्या.